स्वीडिश क्लबमध्ये ज्या राहिल्या

मी निघाले त्या दिवशी बाबा मला सोडायला आले नाहीत. तासगावात त्यांना बाबा म्हणणारी मी एकटी, बाकी सगळं गाव सर म्हणतं. त्या सकाळी चौदा वर्षांखालच्या मुलींची खो-खोची निवड चाचणी होती. ती पुढं ढकलावी असं त्यांना वाटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं नाही. मुंबईला जाणारी जीप आमच्या क्रीडा मंडळाच्या मैदानावरून घेतली. बाबा फक्कीनं पट्टे आखत होते. हातातला डबा खाली ठेवून फाटकापर्यंत आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, हात चुन्याचा आहे हे लक्षात आल्यावर शर्टाच्या बाहीनं माझे केस पुसले. "कुणी विचारलं काय खेळतेस, तर खो-खो सांग. क्रिकेट म्हणू नकोस," एवढंच म्हणाले. जीप वळली तशी मागून शिट्टी ऐकू आली. ती मुलींसाठी होती. मी तरीही मागं वळून बघितलं.

हे लिहितेय ते तिकडं राहिलेल्यांसाठी आणि इकडं आलेल्यांसाठी. त्यातही अश्विनीसाठी. ती सांगलीच्या कॉलेजात चार वर्षं माझी रूममेट होती, आता टेक्सासमधल्या शुगर लँडला असते आणि दोन महिने माझ्याशी धड बोललेली नाही. मला गोड लिहिता येत नाही. कॉलेजात मी पत्रकं लिहिली. होस्टेलच्या पाण्यासाठी, मुलींना सातच्या आत कोंडणाऱ्या नियमाविरुद्ध, खेळाच्या मैदानावर गाड्या लावू नका म्हणून. पत्रकाच्या पहिल्या ओळीत कुणी काय चुकीचं केलं ते सांगायचं असतं आणि शेवटच्या ओळीत मागणी. इथं चुकीचं मीच केलंय, त्यामुळं मुद्द्यावर यायला जरा वेळ लागेल.

एमएस करून मी अमेरिकेतच फ्रीमाँटला नोकरीला लागले. इमारतींचे सांगाडे तपासायचं काम, भूकंपात काय टिकेल आणि काय नाही ते. राहायला शैला मावशींच्या टाऊनहाऊसमधली वरची खोली. मावशी मूळच्या नागपूरच्या, वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये, आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नावर त्यांचं उत्तर "आधी जेवून घे." त्यांची रिया अकरा वर्षांची. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, असा आमचा करारच होता.

पहिल्या वर्षी मी काहीच खेळले नाही. सकाळी फ्रीवे, दिवसभर स्क्रीन, संध्याकाळी परत फ्रीवे. आपल्या लोकांची मुलं क्रिकेट कोचिंगला जातात, टेनिसला जातात, कुणी कुणी तलवारबाजीलासुद्धा. का? तर कॉलेज अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर चांगलं दिसतं. खेळ हा फॉर्मवर दिसण्यासाठी असतो हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी मावशींपाशी बडबडले. त्या म्हणाल्या, "मग तू शिकव की. नुसती चिडत काय बसतेस?" रिया आणि तिच्या रविवारच्या मराठी शाळेतल्या आठ मैत्रिणी तयार झाल्या. जागा मात्र मिळेना. पार्कात परमिट लागायचं, शाळेच्या जिममध्ये वेटिंग लिस्ट. शेवटी ऑफिसातल्या एकानं सांगितलं की अर्ध्या तासावर एक जुना स्वीडिश स्पोर्ट्स क्लब आहे, लाकडी हॉल, मागं मोठं गवत. तिथं हल्ली कुणी जात नाही म्हणे.

दार उघडलं करीननं. वय ब्याऐंशी, पाठ ताठ, गुडघे मात्र कामातून गेलेले. हॉलमध्ये भिंतभर आडव्या लाकडी दांड्या, व्यायामाला धरायच्या, हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या. मी इंजिनिअर आहे. छताकडं बघितलं आणि लगेच कळलं की हे सुतारांनी बांधलंय, आणि स्वतःसाठी बांधलंय. करीननं विचारलं, काय खेळता. मी खो-खो सांगितलं आणि जमिनीवर बसून दाखवलं. एक मुलगी या तोंडाला, पुढची त्या तोंडाला, पळणारी पाठीत थाप मारते आणि तिच्या जागी बसते. करीनला ते फारच आवडलं. म्हणाली, म्हणजे जी उठते तिची जागा रिकामी राहत नाही. मग म्हणाली, गुरुवारी या. मी म्हटलं, शनिवार बरा पडेल, मुलांना शाळा असते. ती म्हणाली, "इथं मुलींचा दिवस गुरुवार असतो."

का, ते मला पुढच्या गुरुवारी कळलं. शंभर वर्षांपूर्वी स्वीडनहून आलेल्या पोरी इथल्या मोठ्या घरांत मोलकरणी होत्या. धुणी, स्वयंपाक, दुसऱ्यांची बाळं. आठवड्यातून त्यांना एक दुपार सुटी मिळायची, गुरुवारची. त्या दुपारी त्या झोपत नव्हत्या, चर्चला जात नव्हत्या. त्या या हॉलवर येऊन जिम्नॅस्टिक्स करायच्या. हातांवर उभं राहणं, दांड्यांवरून उलटं लटकणं, सोळाजणींचा मनोरा. करीनची आई एल्सा त्यातलीच. मालकिणीच्या घरी चादरी वाळत घालताना दोन चादरींच्या आडोशाला हातांवर उभं राहायचा सराव करायची. एकदा मालकिणीनं दोन चादरींमधून वर आलेले पाय बघितले आणि किंचाळली. नोकरी गेली नाही, कारण मालकिणीला ते शेजारणीला दाखवायचं होतं.

बाकी दिवस पुरुषांचे. सोमवारी कुस्ती, बुधवारी रस्सीखेच. हिवाळ्यात ट्रकच्या मागं बसून डोंगरात स्कीइंगला. गोदीत हमाली करणारे, सुतार, बेकरीत कामाला असलेले. एक लांब पल्ल्याचा धावपटू होता, तो पावाच्या टोपल्या घरोघर पळतच पोचवायचा, म्हणजे वेगळा सराव करायला नको. फुटबॉल टीमचा गोलकीपर एका डोळ्यानं अधू होता आणि हे प्रतिस्पर्ध्यांना कळायला दोन सीझन लागले. पुढं त्यांची मुलं शिकली, इंग्लिश बोलायला लागली, लांबच्या गावांत घरं घेतली. कुस्तीची मॅट उंदरांनी खाल्ली. राहिले ते थोडे म्हातारे, कॉफी, सात प्रकारची बिस्किटं आणि करीनच्या हातातली किल्ली. आमच्या नऊ पोरी त्या हॉलमध्ये ओरडत शिरल्या तेव्हा ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून इतकी हसत होती की मला आमच्या मैदानाच्या कडेला विणकाम घेऊन बसणारी आई आठवली.

दीड वर्ष असं चाललं. मग खजिनदार एरिकनं हॉल विकायचा ठराव मांडला. एरिक वाईट माणूस नाही, हे आधीच लिहून ठेवते. पंचाहत्तरीचा निवृत्त शिक्षक. त्याचं म्हणणं सरळ होतं. करीनच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलंय, दार उघडायला माणूस नाही, सभासद मरताहेत. विकून टाकू, पोरांना स्कॉलरशिप देऊ. सभेत मतदान होणार होतं. करीननं मला विचारलं, सभेआधी वाटायला तू क्लबचा इतिहास लिहिशील का. एक पान, म्हणाली. तुला लिहिता येतं असं रिया सांगते.

लिहिता येतं. हाच तर घोटाळा झाला.

हॉलच्या मुख्य भिंतीवर एक मोठा लाकडी फलक आहे, निळ्या जमिनीवर पिवळ्या अक्षरांत नावं. नव्वदच्या आसपास नावं, त्यात बायका चार. आमच्या मंडळात असा फलक आहे. आपल्याकडं प्रत्येक तालमीत, प्रत्येक मंडळात असतो. वर राज्य पातळीवर खेळलेले, खाली देणगीदार, श्री. व सौ. भिंतीवर नाव म्हणजे मान. मला दुसरा अर्थ सुचलाच नाही, विचारायचंही सुचलं नाही. मी वर्षभर एल्साच्या गोष्टी ऐकलेल्या, सोळाजणींच्या मनोऱ्याचा फोटो बघितलेला, आणि फलकावर एल्सा नाही. माझं डोकंच फिरलं. मी एक पान लिहिलं. पहिली ओळ: या क्लबनं शंभर वर्षं आपल्या बायकांची नावं पुसली. शेवटची ओळ: हॉल वाचवा आणि फलकावर बायकांना त्यांची जागा द्या. करीनलासुद्धा आधी दाखवलं नाही. ऑफिसच्या प्रिंटरवर साठ प्रती काढल्या आणि शनिवारी सकाळी सभेआधी प्रत्येक खुर्चीवर एक ठेवली.

कॉफीचे कप हातात घेऊन सगळे वाचत होते. मग एरिक उठला, फलकापाशी गेला आणि एका नावावर बोट ठेवलं.

"हा माझा आजोबा," तो म्हणाला. "आयुष्यात एकसुद्धा कुस्ती जिंकला नाही. तो अलास्काला कामाला गेला आणि परत आला नाही. या फलकावर जिंकलेले नाहीत. इथून दुसरीकडं निघून गेलेले आहेत."

तो त्यांचा रिवाज होता. क्लबातला कुणी गाव सोडून गेला की त्याचं नाव रंगवायचं, म्हणजे ख्रिसमसला पत्र पाठवताना कुणी विसरायला नको. जिंकणाऱ्याला कॉफी आणि केक. निघून जाणाऱ्याला भिंत. पुरुष जात होते, अलास्काला, शिकागोला, परत स्वीडनला. त्या चौघी सोडल्या तर बायका जात नव्हत्या. एरिकची आजी नवरा गेल्यावर लहानग्या मुलाला, म्हणजे एरिकच्या बापाला, घेऊन इथंच राहिली आणि तीस वर्षं या हॉलची फरशी पुसली.

करीननं माझं पान नीट घडी घालून पर्समध्ये ठेवलं. तिचा चेहरा बघवत नव्हता. "आई इथंच होती," ती म्हणाली. "जी दर गुरुवारी समोर दिसते तिचं नाव कशाला लिहायचं?"

मी माफी मागितली. पत्रकबाजीच्या आयुष्यात पहिल्यांदा. एरिकनं मान हलवली आणि सभेला म्हणाला की मतदान महिनाभर पुढं ढकलू. सत्तरीच्या आतला कुणी दर गुरुवारी किल्ली घ्यायला तयार असेल तर मी ठराव मागं घेतो, नसेल तर विकू. लोकांनी एकमेकांकडं बघितलं. मग हळूहळू सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी माझ्या बुटांकडं बघत होते. कारण मी अश्विनीला हो म्हणून बसले होते. शुगर लँडला तिच्या कंपनीत जागा होती, पद मोठं, व्हिसाचं काम ते लगेच करणार होते. तिनं तिच्या घरातली एक खोली रिकामी केली होती, माझ्यासाठी निळे पडदे लावले होते आणि फोटो पाठवला होता. जानेवारीत जायचं ठरलेलं. हॉल वाचवा अशी मागणी करणारी मी, आणि तीन महिन्यांनी निघून जाणारीही मीच. पत्रकं लिहिणाऱ्यांचं हे नेहमीचं आहे, आम्ही मागण्या दुसऱ्यांसाठी लिहितो. घरी येताना गाडीत रिया विचारत होती, "व्हाय डिडन्ट यू जस्ट से येस?" आणि मी रेडिओ लावला.

मावशींना सगळं सांगितलं. त्यांनी ताटात भात वाढला. "इथं येऊनसुद्धा पत्रकं वाटतेस, मला वाटलं सवय सुटली असेल," म्हणाल्या. मग भातावर वरण घालत, "जा की टेक्सासला. तुला कोण अडवतंय? फक्त त्या म्हातारीला स्वतः जाऊन सांग. मेसेज करू नकोस."

मी सांगायलाच गेले होते. करीन टेबलावर जुने फोटो मांडून बसली होती. मला बघून तिनं बाजूची खुर्ची ओढली. ती रागावली होती, पण माझं पान तिनं पुन्हा वाचलं होतं आणि एक गोष्ट तिच्या मनातून जात नव्हती. जे गेले त्यांची नावं भिंतीवर आहेत. ज्या राहिल्या त्यांची नावं तिच्या डोक्यात आहेत, आणि तिचं डोकं ब्याऐंशी वर्षांचं आहे. तेव्हा लिहून घे, म्हणाली. या वेळी रंग न लावता लिही. चार रविवार आम्ही बसलो. मनोऱ्यात सगळ्यात खाली कोण, तिच्या खांद्यावर कोण. कुणी दार उघडायची, कुणी मुलांना बुटांच्या नाड्या बांधायला शिकवायची, कुणी युद्धाच्या वर्षांत एकटीनं शेगडी पेटवून ठेवायची. सोळांपैकी चौदा नावं मिळाली. दोघींची तिला आठवेनात. फोटोतले ते दोन चेहरे डोळ्यांजवळ नेऊन ती म्हणाली, "यांना मी दर गुरुवारी भेटायचे." त्या रविवारी मी टेक्सासचं बोलू शकले नाही.

घरी आल्यावर आईला फोन लावला. तिकडं सकाळ होती. मी सहज विचारलं की मंडळाची खोली सकाळी कोण उघडतं. मला वाटत होतं बाबा.

"मीच की," आई म्हणाली. "साडेपाचला. मॅटा बाहेर काढायच्या, मैदानावर पाणी मारायचं. सर येतात सहाला."

"कधीपासून?"

"तू पाचवीत होतीस बघ तेव्हापासून. का गं?"

मी म्हटलं, मला कधी सांगितलं नाहीस. ती हसली. "त्यात काय सांगायचं? तू कधी विचारलंस?" मला एकदम आठवलं, एअरपोर्टवर मला सोडून तिला परतायची घाई झाली होती, आणि मी आत जाऊन रडले होते की हिला माझं काहीच नाही. तिला दुसऱ्या दिवशी साडेपाचला कुलूप काढायचं होतं. मी निघाले तेव्हा चौकात माझा फ्लेक्स लागला होता, अमेरिकेला निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, माझा फोटो आमदारांपेक्षा थोडा लहान. निघून गेल्याबद्दल अभिनंदन. चौकाचौकात आपण गेलेल्यांचे फ्लेक्स लावतो. मी बायकांच्या हक्कांवर किती पानं लिहिली असतील, आणि आईच्या हातात किल्ली आहे हे मला अमेरिकेत येऊन एका स्वीडिश बाईमुळं कळावं, याची लाज वाटली. अजून वाटते.

मी आईला शुगर लँडचं आणि हॉलचं, दोन्ही सांगितलं. ती काही सुचवणार नाही हे माहीत होतं. तिनं फक्त विचारलं, पोरी किती येतात. म्हटलं नऊ. "नऊ म्हणजे एक टीम झाली," ती म्हणाली आणि बाबांना चहा द्यायला उठली.

अश्विनी, तुला मी त्याच दिवशी फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. तू विचारलंस, "एका अनोळखी म्हातारीसाठी? वेडी आहेस का यार? व्हिसाचं काय?" इथल्या कंपनीनं व्हिसाचं बघू म्हटलंय, आणि बघू म्हणजे काय ते आपल्या दोघींनाही माहीत आहे. उद्या कागद आला नाही तर मलाही इथून जावंच लागेल. जे स्वतःच्या मर्जीनं राहू शकतात त्यांच्यात मी नाही, तूही नाहीस. राग यायला हवा तो याचा, आणि मला येतो. तुझे पडदे मी विसरले नाही. तुझ्यावर अन्याय झाला हे खरं आहे, तो मी केला हेही खरं आहे. पण माझ्या हातात आजचा गुरुवार आहे आणि तो मला रिकामा सोडायचा नव्हता.

महिन्यानंतरच्या सभेत मी उभी राहिले, हात वर केला आणि एवढंच सांगितलं की किल्ली मी घेते, कागद आहेत तोवर. भाषण केलं नाही. एरिकनं ठराव मागं घेतला. म्हणाला, माझ्या आजीला तू आवडली असतीस, तीही भांडकुदळ होती. करीननं चौदा नावांचं पान कॉफीच्या मशीनवर चिकटवलं, जिथं सगळ्यांची नजर जाते. खाली दोन ओळी मोकळ्या सोडल्या.

घर कुठलं, असं विचारलं की इकडं आलेले आपण पटकन गावाचं नाव सांगतो. मीही तासगाव सांगते आणि ते खरंच आहे. पण त्या घरात मी अठरा वर्षं नुसती राहिले, दुसऱ्या कुणी उघडून ठेवलेल्या दारातून आत-बाहेर करत. तिथं माझं प्रेम आहे. जबाबदारी मात्र मी कधी घेतली नव्हती. ती मी पहिल्यांदा इथं घेतली, ज्या लोकांची भाषा मला येत नाही त्यांच्या हॉलची.

परवाच्या गुरुवारी करीन ऑपरेशननंतर पहिल्यांदा आली, वॉकर घेऊन. मी अर्धा तास आधी पोचून खिडक्या उघडल्या होत्या, फरशी पुसली होती. पोरी आल्या, बूट सगळीकडं पसरले, खेळ झाला, कुणीतरी पडली, कुणीतरी रुसली. सगळ्या गेल्यावर मी दिवे बंद करत होते तेव्हा रिया दाराशी थांबली. बुटाची नाडी बांधत, मान वर न करता तिनं विचारलं, आणि आमचा करार मोडून मराठीत विचारलं, "ताई, तू पुढच्या गुरुवारी आहेस ना?"

"आहे," मी म्हटलं.